निशिगंधाचे कंद निवडताना सुगंधास प्राधान्य हवे

फुलझाडाचे कंद खरेदी करताना शेतकरी त्यांचा आकार पाहतो आणि ते कुजलेले नाहीत याची खात्री करून घेतो. हे योग्यच आहे. परंतु निशिगंधाचे फूल ज्या गुणामुळे विकले जाते, तो सुगंध कंद हुंगून कळत नाही. शिवाय एकदा केलेली लागवड दोन-तीन वर्षे शेतात राहते. त्यामुळे निवड चुकल्यास तितकी वर्षे तोटा सोसावा लागतो.

मूळच्या मेक्सिकोतील या पिकाचे मुख्य प्रकार दोन. एकेरी फुलात पाकळ्यांची एकच फेरी असते, तर दुहेरीत अनेक. दुहेरी फूल भरदार दिसते. सुगंधात मात्र एकेरी सरस असून सुगंधी अर्कही मुख्यतः त्याच फुलांपासून काढतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने प्रसृत केलेल्या वाणांपैकी ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ एकेरी, तर ‘सुवासिनी’ दुहेरी आहे. केवळ ‘सुधारित वाण’ एवढ्या शब्दांवर विसंबून राहू नये, ते यासाठीच.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लहान बागायतदाराचे गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या बाजारातील हारविक्रेते, देवालये आणि लग्नघरे. हारात सुटी फुले ओवली जातात. तेथे दांडीच्या लांबीला व पाकळ्यांच्या गर्दीला फारसे मोल नाही. अशा शेतकऱ्याने एकेरी वाणच लावावा हे हिताचे. दुहेरी फूल टाकाऊ आहे असे नव्हे. पुष्पगुच्छांसाठी नागपूरसारख्या शहरातून निश्चित मागणी असेल, तर ते जाणीवपूर्वक लावावे. परंतु दिसण्यास भुलून नव्हे.

कंद घेण्यापूर्वी विक्रेत्याचा फुललेला ताटवा सायंकाळी पाहावा, कारण या फुलाचा गंध दिवस मावळल्यावर अधिक दरवळतो. आपल्या शेतात मिश्र कंद आले असल्यास बहराच्या वेळी एकेरी फुलांच्या झाडांना सुतळी बांधून खूण करावी आणि त्यांचे कंद निराळे काढून ठेवावेत. कंदापासून होणाऱ्या झाडात मातृवृक्षाचेच गुण उतरतात. म्हणून एका हंगामाच्या दक्षतेने शुद्ध बेणे घरीच तयार होते.

चांगला वाणही चुकीच्या जागी वाया जातो. निशिगंधास साचलेले पाणी मानवत नाही. या भागातील जोरदार पावसात धानाच्या बांधीत त्याचे कंद कुजतात. निचऱ्याची, भरपूर उन्हाची जमीन निवडून एप्रिल-मे महिन्यांत गादीवाफ्यांवर लागवड करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बेणे वाटताना प्रत्येक पोत्यावर वाणाचे नाव आणि ‘एकेरी’ किंवा ‘दुहेरी’ हा शब्द ठळकपणे लिहावा. या कामास खर्च नाही. मात्र ते न केल्यास त्याची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते.