मनुस्मृती जळाली, लोणच्याची बरणी उरली



हा लेख आंब्यावर आहे. अत्याचार होताहेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, भरती बंद आहे आणि हा माणूस लोणच्यावर लिहीत बसलाय, असं काहींना वाटेल. वाटू द्या. पण लेख शेवटपर्यंत वाचा आणि मग आपल्या घरातली लोणच्याची बरणी कुठे ठेवलेली आहे आणि तिला कोण हात लावू शकतं, ते एकदा बघा.

मागच्या मे महिन्याच्या शेवटी मी मेहकर तालुक्यात आत्याच्या घरी गेलो होतो. घर पक्कं आंबेडकरी. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, देव्हारा नाही, उपासतापास नाही. आमचे आजोबा १९५६ साली नागपूरला दीक्षेला गेलेले. आत्याची नात दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिने त्या दिवशी सकाळी फोनवर बघून आंब्याचा केक केला. वाटीभर रवा, वाटीभर आंब्याचा रस, साखर, दूध, दोन अंडी, थोडं तेल आणि चमचाभर बेकिंग पावडर. ओव्हन नाही, म्हणून कुकरच्या तळाशी खड्याच्या मिठाचा थर दिला, शिट्टी आणि रबर काढून ठेवलं आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवला. केक मस्त फुगला. सगळ्यांनी खाल्ला. आत्याने दोनदा मागून घेतला.

दुपारी अंगणात लोणच्याचं काम निघालं. गावरान झाडाच्या कैऱ्या, अडकित्ता, फडक्यावर पसरलेल्या फोडी, परातीत मोहरीची डाळ. पोरीने फोडी भरायला हात पुढे केला, तशी आत्या ओरडली.

"तू नको लावू हात. बाहेरची हायेस ना तू? नासून जाईन सारं लोनचं."

पोरगी म्हणाली, "आजी, मंग सकाळी केक खाल्ला तवा काही नाही झालं तुले?"

सगळे हसले. आत्या म्हणाली, "केकचं अलग अन् लोनच्याचं अलग." पोरगी उठून आत गेली. मीही हसलो होतो. व्याख्यानात स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारा मी, तिथे एक शब्द बोललो नाही. त्याची लाज वाटते म्हणून हा लेख लिहितोय.

आता आत्याच्या वाक्याकडे नीट बघा. केकचं अलग का? कारण केक आपल्या घरात आत्ता आला, फोनमधून आला. त्याच्याबरोबर कोणी शास्त्र पाठवलं नाही. कोणी शिवायचं, कोणी नाही, हे त्याच्या कृतीत लिहिलेलं नव्हतं. लोणचं जुनं आहे. त्याच्याबरोबर नियम आला. हा नियम कुठून आला?

मनुस्मृती काढून बघा. चौथ्या अध्यायात कोणतं अन्न खाऊ नये याची यादी आहे. रजस्वला स्त्रीने शिवलेलं अन्न त्या यादीत आहे. पाचव्या अध्यायात कोणाला शिवल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हावं याची यादी आहे. तिथे चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत एकाच श्लोकात बसवले आहेत. म्हणजे ज्या ओळीने आपल्या बापजाद्यांना अस्पृश्य केलं, त्याच ओळीने त्या पोरीला बरणीपासून उठवलं. दोन वेगळे नियम नाहीत हे. एकच नियम आहे. त्याचं एक टोक गावकुसाबाहेर होतं आणि दुसरं टोक घराच्या आत.

आपली भाषाही हेच सांगते. बाईचा विटाळ आणि महाराचा विटाळ, दोन्हीला शब्द एकच. आणि या शब्दाला पहिला जाब विचारला तो आपल्याच लोकांनी. चोखामेळ्यांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं मेहुणाराजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगावराजा तालुक्यात आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई. शिक्षण नाही, मंदिरात प्रवेश नाही, अशा त्या बाईने चौदाव्या शतकात विचारलं की सगळे देहाला विटाळ विटाळ म्हणतात, पण विटाळावाचून जन्मलेला देह आहे तरी कोणाचा? सातशे वर्षं होत आली. उत्तर कोणी दिलेलं नाही. आणि आपण, जे स्वतःला त्यांच्या पुढचे समजतो, आपण तिचा प्रश्नच विसरलो.

चोखोबांच्या जन्माची एक आख्यायिका आंब्याचीच आहे. त्यांचे आईबाप वेठीला आंब्याच्या पाट्या वाहून नेत होते. वाटेत ब्राह्मणाच्या रूपात देव आला, एक आंबा मागितला, चोखला, आंबट लागला म्हणून परत दिला. त्या चोखलेल्या आंब्याचं मूल झालं, तोच चोखा. भाविक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. आंबे वाहणारे आम्ही, खाणारे दुसरे. आणि आमच्यात एवढा मोठा कवी जन्मला, तर त्याचं कारणही ब्राह्मणाच्या उष्ट्या आंब्यातच शोधायचं! त्याच चोखामेळ्यांना बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ अर्पण केला, नंदनार आणि रविदासांच्या बरोबरीने. त्यांनी आख्यायिकेला मान दिला नाही, माणसाला दिला.

आता लोणच्याचं खरं शास्त्र बघू. लोणचं टिकतं ते तीन गोष्टींवर. मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं. कैरीच्या आंबटपणात जंतू वाढत नाहीत. तेल हवा अडवतं आणि हवेशिवाय बुरशी धरत नाही. किलोभर फोडींना साधारण २०० ग्रॅम मीठ घाला, फोडी फडक्यावर नीट सुकवा, बरणी उन्हात तापवा, तेल तापवून पूर्ण थंड करून फोडींच्या वर बोटभर येईल इतकं ओता. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, कमी मिठाने, तेलाबाहेर उघड्या राहिलेल्या फोडीने. हात धुतलेला आणि कोरडा हवा. तो हात कोणाचा आहे आणि आज महिन्याचा कितवा दिवस आहे, हे मिठाला कळत नाही.

आणि तरीही शंका असेल तर दुकानातून आणलेली बाटली आठवा. कारखान्यात त्या फोडी भरणाऱ्या बायकांना पाळीची तारीख विचारून कामावर घेतात का? ते लोणचं आपण वर्षभर खातो. नासतं का?

यावर आपलेच काही हुशार लोक म्हणतील, "तो नियम बाईला विश्रांती मिळावी म्हणून होता." मग मला सांगा, त्या चार दिवसांत कोणत्या घरात बाईला विश्रांती मिळते? निंदायला जायचं, कापूस वेचायला जायचं, लांबून पाण्याचा हंडा आणायचा, भाकरी थापायच्या, सगळं चालतं. पाण्याचा हंडा चालतो आणि लोणच्याची बरणी चालत नाही, ही कसली विश्रांती? बाईला आराम द्यायचा असेल तर हंडा तुम्ही उचला. बरणीपासून दूर ठेवणं हा आराम नाही, अपमान आहे.

दुसरा मुद्दा अखजीचा. वैशाख शुद्ध तृतीयेला आपल्या वऱ्हाडात पितरांच्या नावाने घागर पुजतात, आंबा ठेवतात, आणि तोवर घरात आंबा खायचा नाही असा दंडक. आपल्या कितीतरी बौद्ध घरांत आजही हे चालतं. विचारलं तर सांगतात, "धर्म नाही हो हा, सण आहे." मित्रांनो, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. पितरांची घागर हे श्राद्ध नाही तर काय आहे? कोणी म्हणतं, आंबा तोवर पिकत नाही म्हणून पूर्वजांनी नियम केला. पिकला की नाही ते झाडाकडे बघून कळतं, पंचांगाकडे बघून नाही.

आजोबांची आठवण काढायचीच नाही, असं मी म्हणत नाही. रस करा, सरगुंडे करा, कुरडया तळा. ताटावर बसून पोरांना सांगा की आपल्या आजोबाच्या हाताला आंबे तोडायचं काम होतं, पण झाड त्याच्या नावावर नव्हतं. आंबा लावला की आठ-दहा वर्षं वाट बघावी लागते. ज्याच्या पायाखालची जमीन उद्या कोणी काढून घेईल, तो आंबा लावत नाही. म्हणून आपल्या वस्तीत आंब्याची जुनी झाडं कमी दिसतात. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. ही आठवण पोरांना द्या. ती घागरीपेक्षा जास्त दिवस टिकेल.

आता सुरुवातीचा आक्षेप. स्वयंपाकघर हा चळवळीचा विषय आहे का? २० मार्च १९२७ ला महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तेव्हा सवर्ण जमावाने लाठ्या घेऊन काय केलं? मंडपातल्या माणसांना मारलं आणि त्यांचं शिजलेलं अन्न मातीत मिसळलं. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात एका अस्पृश्याने तीर्थयात्रेहून आल्यावर आपल्या लोकांना जेवण दिलं. पदार्थ तुपातले होते. एवढ्यावरून सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, पाहुण्यांना झोडपलं. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात ही घटना मुद्दाम नोंदवली. जुनं झालं म्हणाल तर २०१७ चं पुणं घ्या. एका उच्चशिक्षित बाईने पोलिसांत तक्रार दिली की स्वयंपाकीण ब्राह्मण नसताना ब्राह्मण असल्याचं सांगून माझ्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करून गेली. त्याचा आपण सगळ्यांनी निषेध केला आणि बरोबरच केला. पण पुण्याच्या सोवळ्याला नावं ठेवणाऱ्याच्या घरात बरणीचं सोवळं असेल, तर त्या निषेधाला काय अर्थ राहतो?

तथागतांची आठवण करा. वैशालीत गणिका आम्रपालीने भोजनाचं आमंत्रण दिलं. ते बुद्धांनी स्वीकारलं. नंतर लिच्छवी राजपुत्र आले, तेव्हा त्यांना नकार मिळाला, कारण आम्रपालीला शब्द दिलेला होता. तिने आपली आमराई संघाला दिली आणि ती संघाने घेतली. कोणाच्या हातचं, हा प्रश्न तिथे नव्हता. आणि सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड आणि आमराया लावल्याचं स्तंभलेखात कोरून ठेवलं, ते माणसांसाठी आणि जनावरांसाठी. आंब्याची आपली परंपरा ही आहे.

म्हणून पुढच्या वर्षासाठी माझं सांगणं एवढंच आहे.

१४ एप्रिलला कैरी बाजारात असते आणि ऊन डोक्यावर असतं. मिरवणुकीत रंगीत बाटल्या वाटण्यापेक्षा वस्तीवर कैऱ्या उकडा, गूळ, मीठ, वेलची घाला, पन्हं वाटा. कैऱ्या सोलायला पोरांनी बसायचं. फक्त डीजेपुढे नाचायला बसायचं नाही.

अखजी आणि बुद्धपौर्णिमा यांच्यात बाराच दिवसांचं अंतर आहे. सुजाताच्या आठवणीने पौर्णिमेला खीर करतोच, तिच्यात आंब्याचा रस घाला. केक येत असेल तर केक करा. तोंड गोड करायला पितरांची परवानगी लागत नाही.

आणि मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, विहारात सगळ्यांचं मिळून लोणचं घाला. बाप, भाऊ, सासू, सून, सगळे. कोणाची पाळी आहे, कोणाची नाही, हे विचारायचंच नाही. ज्याचा हात कोरडा त्याने फोडी भरायच्या. नियम एवढाच.

२५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. मागच्या २५ डिसेंबरला आत्याच्या गावी विहारात कार्यक्रम होता, म्हणून मी गेलो होतो. जेवायला बसलो, तर पोरीने पिठाच्या डब्यामागून एक काचेची लहान बरणी काढली. मे महिन्यात त्याच संध्याकाळी तिने उरलेल्या फोडी गुपचूप स्वतःच्या हाताने भरून ठेवल्या होत्या. सात महिने झाले होते. बुरशी नाही, वास नाही, फोड करकरीत.

तिने आजीच्या ताटात एक फोड वाढली आणि कोणत्या दिवशी भरली ते सांगितलं. आत्याने पोरीकडे बघितलं, फोडीकडे बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

"मीठ जरा जास्ती झालं," आत्या म्हणाली.

मित्रांनो, लोणच्याबद्दल एवढीच तक्रार असू शकते. मीठ जास्त झालं, तेल कमी पडलं, मोहरी कडू निघाली. आपल्या घरात याशिवाय दुसरी कुठलीही तक्रार चालत असेल, तर ती मनूची आहे. ती आजच बंद करा.

जयभीम! नमो बुद्धाय!