‘चालतंय की’ म्हणून भरलेली अर्धी नळी

गेल्या महिन्यात आईचा आयएनआर ४.६ आला. आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा २.५ ते ३.५. आकडा ऐकून त्यांनी दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितलं. त्यांचं चुकलं नाही. त्यांच्यासमोर आकडाच तेवढा होता.

पण रक्त घेताना मी शेजारी उभा होतो. शीर नीट सापडेना, म्हणून पोरानं निळ्या टोपणाची नळी अर्धीच भरली. मी विचारलं तर म्हणाला, "चालतंय की दादा." अन् नळी डब्यात टाकून लातूरला रवाना.

मला राहवलं नाही. डॉक्टरांना सांगून, गोळी बंद करायच्या आधीच दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. नळी खुणेपर्यंत भरून घेतली. आकडा २.९!

समजा गोळी थांबवली असती आणि झडपेवर गुठळी धरली असती, तर जबाबदार कोण?

असं का होतं ते समजून घ्या, अवघड नाही. निळ्या नळीत सोडियम सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणजे २.७ मिली रक्ताला ०.३ मिली. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नळीत रक्त गोठत नाही. लॅबमध्ये ठरलेलं कॅल्शियम परत घालून गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. रक्त कमी भरलं की सायट्रेट जास्त होतं, नवीन कॅल्शियमही तेच गिळतं, आणि रक्त आहे त्यापेक्षा पातळ दिसतं. जांभळ्या नळीतलं रक्त ओतून निळी भरली तरी तोच घोटाळा.

वेळेचंही तसंच. पीटीची बंद नळी साध्या तापमानाला २४ तास टिकते, एपीटीटीची साधारण चारच तास. किनवट-माहूरहून नांदेडला यायलाच किती वेळ जातो ते सांगायला नको. आणि मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीतला उकाडा म्हणजे साधं तापमान नव्हे!

माझा राग त्या पोरावर नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. राग आहे अर्धी नळी बघूनही ती मशीनला लावणाऱ्यांवर. "खेड्यात एवढं कोण बघतं?" म्हणे. का, खेड्यातलं रक्त वेगळ्या नियमानं गोठतं का?

रिपोर्टवर सही कुणी करायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नळी कुणी बघायची, हे कोण ठरवणार? केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदाही महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही.

मागणी साधी आहे. रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि लॅबला पोहोचल्याची वेळ छापा. नळी अर्धी किंवा गुठळी धरलेली असेल तर तपासणी नाकारा आणि फुकट पुन्हा रक्त घ्या.

तोवर आपणच बघू. निळी नळी खुणेपर्यंत भरली का, एवढं विचारा. "चालतंय" म्हणाले तर सांगा, "नाही चालत."

घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर नक्की पुढे पाठवा.