फी सरकारची, निवड जवानाची

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांची गाठ वेगळ्याच खेळाडूंशी पडली. पंचविशीच्या आसपासचे, काही संसारी, मरण जवळून पाहिलेले. शाळकरी पोरांना भुलवायची भाषा त्यांच्यापुढे चालणार नव्हती.

शिवाय त्यांच्या पाठीशी ‘जी. आय. बिल’ हा माजी सैनिकांसाठीचा कायदा होता. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या या कायद्यानुसार सरकार वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी भरायचं, वर दरमहा निर्वाहभत्ता द्यायचं. १९४७ मध्ये अमेरिकी कॉलेजांत प्रवेश घेतलेल्यांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की हा पैसा प्रशिक्षकाच्या मर्जीवर नव्हता. जवान संघात असो वा नसो, त्याचं शिक्षण सुरूच राहणार होतं.

केंटकी विद्यापीठात प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांनी परतलेल्या जवानांच्या या लाटेचा पुरेपूर फायदा घेतला. क्लिफ बार्कर हा त्यांचा युद्धापूर्वीचा विद्यार्थी. युद्धात त्याचं बी-१७ विमान पाडलं गेलं आणि तो सोळा महिने जर्मनांच्या कैदेत राहिला. तिथल्या छावणीत व्हॉलीबॉल घेऊन त्यानं चेंडूवरचा हात पक्का केला. ॲलेक्स ग्रोझा लष्करातून परतला, केनी रोलिन्स नौदलातून. १९४८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या केंटकीच्या पहिल्या पाचांत हे तिघं होते. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदकही त्यांच्या गळ्यात पडलं.

पण ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचं काय? बॉब ब्रॅनम १९४४ मध्ये केंटकीकडून ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, ठरला होता. सैन्यातून परतला तेव्हा मधली जागा ग्रोझाची झाली होती. कॉन्फरन्स स्पर्धेच्या संघातूनही तो वगळला गेला. त्यानं मिशिगन स्टेट गाठलं आणि तिथे तो चमकला. सरकारी मदत माजी सैनिकाच्या नावे असे, कॉलेजच्या नावे नव्हे. त्यामुळे कॉलेज बदललं तरी ती बुडत नसे. प्रशिक्षकानं नाकारलेल्या मुलाला दुसरं दार ठोठावता येणं, ही साधी गोष्ट नाही.

या कायद्याच्या मर्यादाही त्याच मैदानावर दिसल्या. नौदलातून आलेला कृष्णवर्णीय चक कूपर पिट्सबर्गच्या डुकेन विद्यापीठाकडून खेळू लागला. डिसेंबर १९४६ मध्ये तो संघात आहे म्हणून टेनेसी विद्यापीठानं सामना खेळायला नकार दिला. सामना झालाच नाही. देशाच्या गणवेशात राहिलेल्या माणसाला आपल्याच देशात ही वागणूक मिळाली, याची आजही चीड येते. पुढे १९५० मध्ये बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघानं कूपरला निवडलं. एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडयादीतला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

प्रशिक्षकाच्या मर्जीपासून मिळालेल्या मोकळीकीच्या बाबतीत मात्र त्यानंतर वारं उलटं वाहिलं. १९७३ मध्ये कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेनं खेळाची शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली आणि तिचं नूतनीकरण प्रशिक्षकाच्या हाती गेलं. गुडघा गेला किंवा फॉर्म हरवला, की शिक्षणच धोक्यात. एकाहून अधिक वर्षांच्या शिष्यवृत्तीला पुन्हा परवानगी मिळायला २०१२ उजाडलं.

खेळाडू कॉलेजात आणणाऱ्या प्रत्येक संस्थेनं युद्धोत्तर काळाचा हा धडा घ्यावा. मुलाला संघात घ्या, त्याच्याकडून घाम गाळून घ्या, कमी पडला तर खुशाल बाकावर बसवा. त्याच्या पदवीला मात्र हात लावू नका. पोटापाण्याची आणि फीची भीती नसलेला खेळाडूच प्रशिक्षकाला ‘नाही’ म्हणू शकतो, आणि त्यानं दिलेल्या होकारालाच खरी किंमत असते.