पहिलटकरणीला फडावर एकटी सोडू नका

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातली गावंच्या गावं रिकामी होतात. नवरा-बायकोच्या कोयत्यावर उचल घेतलेली असते. सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडावर चार-पाच महिने मुक्काम पडतो. या जोड्यांत नुकत्याच लग्न झालेल्या, पोटुशी लेकीसुनाही असतात.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण ऊसतोडीच्या घरात सासरही फडावर आणि माहेरही फडावर. गावात उरतात ती म्हातारी माणसं. दिवाळीला चौथा महिना असलेल्या पोरीला फाल्गुनात आठवा-नववा लागतो. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून ती तशीच मोळ्या वाहते आणि कळा सुरू होतात त्या कोपीत.

गाय व्यायला आली की आपण रात्रभर गोठ्यात जागतो. घरच्या सुनेसाठी निदान तेवढी तयारी हवी.

पहिलटकरणीला आधीच समजावून सांगावे. पहिल्या खेपेला कळा बारा तास, कधी त्याहूनही जास्त चालतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मधल्या वेळेत फिरावे, घोट घोट पाणी किंवा पेज घ्यावी, कळ आली की संथ श्वास सोडावा. थकवा आला तर डाव्या कुशीवर पडावे. पिशवीचं तोंड पुरतं उघडेपर्यंत जोर करू नये. फड दवाखान्यापासून लांब असेल तर कळा नेमाने येऊ लागताच निघावे. पाणमोट फुटली, अंगावर रक्त गेलं, झटके आले, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट बघूच नये.

'लवकर मोकळी होईल' म्हणून कोणाकडूनही सुई टोचून घेऊ नये. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून काही जण चोरून देतात तेच ते ऑक्सिटोसिन. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिलं तर पिशवी फाटते आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

सोयी आहेत, त्या माहीत हव्यात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे व वाहन मोफत आहे. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. कळांच्या वेळी सोबत एक बाई ठेवण्यास केंद्राने 2016 मध्ये मान्यता दिली. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून अटींची पूर्तता केल्यास 5,000 रुपये मिळतात, मात्र त्यासाठी नोंदणी हवी.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक व आशाताईंनी गाड्या हलण्याआधीच गरोदर बायांची यादी करावी. प्रत्येकीचं माता-बाल कार्ड तिच्या पिशवीत असावं आणि दिवस भरण्याची तारीख मुकादमालाही सांगितलेली असावी. फडाजवळचं आरोग्य केंद्र कोणतं, हे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारून ठेवावं. सातव्या महिन्यानंतर तिच्या हातात कोयता देऊ नये. नवऱ्याचा अर्धा कोयता दंडाशिवाय धरावा, ही बोली उचल घेतानाच झाली पाहिजे. एकदा गाडी सुटली की कोणी ऐकून घेत नाही.