दोन उंच पोरं आणि एक बाकडं

"एका टीममध्ये दोन सेंटर चालत नाहीत" हे वाक्य मी बारामतीच्या मैदानावर इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या पुढचं वाक्यही आता पाठ आहे. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत रे!" तलवारींचं ठीक आहे. पण बास्केटबॉल म्यानात नाही, २८ बाय १५ मीटरच्या कोर्टवर खेळतात.

आधी भांडण काय ते सांगतो. आठवडाभर हिंजवडीत कोड लिहायचा आणि शनिवारी घरी आलं की संध्याकाळी पोरांचा खेळ बघायला जायचं, हा माझा नेम. तिथे दोन उंच पोरं आहेत. एक बारामतीतलाच, दुसरा इंदापूर तालुक्यातून एसटीने येणारा. दोघंही जुन्या वळणाचे सेंटर. रिंगखाली पाय रोवायचे, रिबाउंड काढायचा, पाठ लावून आत घुसायचं. लांबून शॉट मारला तर बॉल शोधायला रस्त्यावर जावं लागतं :-) बारामतीवाला सुरुवातीपासून खेळतो, इंदापूरवाला बाकड्यावर. पहिला दमला की दुसरा आत. दोघं एकत्र? कधीच नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "अरे, जागा कोंडते. एनबीएत बघ, आता कुणी खेळवतं का?"

सर, बघायचंच तर नीट बघू. १९८६ साली ह्यूस्टनने सँप्सन आणि ओलाजुवान हे दोन राक्षस एकत्र उतरवले आणि आदल्या वर्षीच्या विजेत्या लेकर्सना ४-१ ने घरी पाठवलं. फायनल बोस्टनकडून हरले, आणि पुढे सँप्सनच्या गुडघ्यांनी दगा दिला. १९९९ मध्ये सॅन अँटोनियो डंकन आणि रॉबिन्सन या जोडीवर चॅम्पियन झालं. तुम्ही म्हणाल, ते दोघं पंधरा फुटांवरूनही शॉट मारायचे. मान्य. त्या मुद्द्यावर येतोच.

पण आधी हे 'जागा कोंडते' काय प्रकरण आहे? एनबीएत कोंडते, कारण तिथे उरलेले तिघं लांबून धडाधड थ्री मारतात. त्यांना अडवायला डिफेन्स बाहेर येतो, आत मोकळं रान होतं, आणि त्या रानात दोन जण उभे केले तर वाया जातं. आपल्याकडे सतरा वर्षांखालच्या टीममध्ये पावणेसात मीटरवरून नेमाने थ्री मारणारी पोरं किती? एका हाताची बोटं पुरतात. त्यामुळे समोरचा डिफेन्स आधीच आत दाटीवाटीने उभा असतो. कोंडलेल्या जागेत उंच माणूस जास्त कामाचा की बुटका?

शिवाय नियम. २००१-०२ च्या सीझनपासून एनबीएत डिफेन्सवाल्यालाही पेंटमध्ये उगाच तीन सेकंद उभं राहता येत नाही. आपण खेळतो फिबाच्या नियमांनी, त्यात असलं बंधन नाही. आपला सेंटर डिफेन्सला रिंगखाली चहा पीत उभा राहिला तरी चालतं. म्हणजे दुसऱ्या सेंटरचा सगळ्यात मोठा फायदा जिथे फुकट मिळतो, तिथेच आपण तो घेत नाही!

आता अटॅक. ऊस घेऊन कारखान्याला जाणारी बैलगाडी पाहिलीये ना? दोन बैल जुंपले म्हणून कुणाची अडचण होत नाही. दोघं एकाच चाकोरीत घुसले तर गाडी उलटते. तसंच हे. एकाने फ्री थ्रो लाइनच्या जरा बाहेर, दुसऱ्याने खाली रिंगजवळ. वरच्याकडे बॉल आला आणि डिफेंडर त्याच्या अंगावर आला, की खालच्याला उंच पास. नाही आला, तर तिथूनच शॉट. हा शॉट येत नाही म्हणता? अहो, फ्री थ्रो तर दोघांनाही मारावाच लागतो. तोच शॉट, तेच अंतर. रोज शंभर मारून घ्या.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कुणी बोलतच नाही. शॉट हुकला की आपले दोन्ही हत्ती समोरच्या रिंगखाली आणि प्रतिस्पर्धी पळत आपल्या रिंगकडे. त्याला उपाय आहे. रिबाउंडला एकानेच जायचं, वरच्याने बॉल सुटताक्षणी मागे पळायचं, आणि डिफेन्सला २-३ झोन. समोर सगळी पळणारी टीम असेल तर एकाला बसवा. पूर्ण चाळीस मिनिटं दोघांना ठेवा असं कुठे म्हणतोय मी?

२०१४ साली वुहानला आशिया कपात भारताने चीनला ६५-५८ ने हरवलं, तेव्हा आपल्याकडे अमृतपाल आणि अमज्योत असे दोन उंच गडी होते. अमज्योत बाहेरूनही खेळायचा, हे खरंय. पण एकाची उंची दुसऱ्याच्या आड येते, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. आणि अमृतपाल तर कबड्डी सोडून आलेला गडी!

माझा राग इथेच आहे. आपल्याकडे गडी उलट्या दिशेने जातात. दोन तासांची एसटी, घरी शेतीची कामं, आणि मैदानावर येऊन बाकडं. हे पोरगं किती दिवस येईल? दिवाळीपर्यंत? मग व्हॉलीबॉल, नाहीतर काहीच नाही. एवढी उंची पुन्हा कधी सापडणार आहे आपल्याला?

तर सर, ही पोस्ट तुम्ही वाचता हे मला माहीत आहे. पुढच्या पाच मॅचचा फक्त दुसरा क्वार्टर द्या. दहा मिनिटं दोघं एकत्र. आपले पॉइंट, त्यांचे पॉइंट, रिबाउंड, सगळं लिहायला वही मी आणतो. इंदापूरवाल्याला शेवटची एसटी गाठायची असते, तेवढी वेळ मात्र सांभाळा.