तुमई आणि आमचा हजेरीपट

यंदा आमच्या विद्यार्थ्यांस ‘एलिफंट बॉय’ हा १९३७ सालचा इंग्रजी बोलपट दाखविण्यात आला. वर्गात छडी आपटूनही जी शांतता लाभत नाही, ती त्या दिवशी आपोआप लाभली.

मूळ कथा रड्यार्ड किपलिंग यांची. हे गृहस्थ १८६५ साली आपल्या मुंबईतच जन्मले. बोलपटाचे चित्रण मात्र म्हैसूरकडील अरण्यात झाले. तुमई या मुलाचा बाप वाघाच्या तावडीत सापडून मरतो. कालानाग हत्ती एका निर्दय माहुताच्या हाती जातो, छळाने बिथरतो, आणि त्यास ठार मारण्याची भाषा सुरू होते. तेव्हा तुमई रात्रीच त्यास घेऊन रानात निघून जातो. मोठमोठ्या शिकाऱ्यांस न सापडलेला रानहत्तींचा कळप त्या पोरास दिसतो, आणि सारी छावणी त्यास मुजरा करते.

तुमईचे काम करणारा साबू हा नट नव्हता. १९२४ साली म्हैसूर संस्थानातील कारापूर येथे एका माहुताच्या घरी तो जन्मला. हत्तीच्या मस्तकावर तो ज्या सहजतेने चढतो, ती कोणा दिग्दर्शकाने शिकविलेली नव्हे.

आमच्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या, आणि तेथेच आम्हांस काहीसे ओशाळल्यागत झाले.

शिरूर व दौंड तालुक्यांत उसाचा हंगाम सुरू झाला, की तोडणीच्या टोळ्या बैलगाड्यांसह येऊन उतरतात. गेल्या हंगामात अशाच टोळीतील एक बारा वर्षांचा मुलगा चार दिवस वर्गात बसला व नाहीसा झाला. पुढे तो आम्हांस रस्त्यात भेटला. भरल्या गाडीचा बैल चढावर बसला होता. मोठी माणसे ओरडत होती. मुलाने जू सोडविले, वशिंडावरून हात फिरविला, कानाशी लागून काही पुटपुटला. बैल उठला. आम्ही पुढे होऊन मुलास गैरहजेरीचे कारण विचारले. बैलाविषयी एक शब्दही विचारला नाही!

मुलांनी गाड्याच हाकाव्यात, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. साबूसही इंग्लंडात नेल्यावर शाळेत घालावे लागले. शिवाय बोलपट तुमईच्या गौरवात रमतो. पकडलेल्या हत्तींच्या साखळदंडांकडे तो फारसे पाहत नाही. (म्हैसूरकडील काकनकोट येथे हत्ती कोंडून पकडण्याचा शेवटचा खेडा १९७१ साली झाला.) तथापि पडद्यावरील माहुताच्या पोरास जी विद्या आहे असे आम्ही मानतो, तीच उसाच्या फडातून आलेल्या पोराजवळ असता त्यास ‘मागासलेला’ म्हणून शेवटच्या बाकावर बसवितो, हा न्याय कोणता?

येत्या हंगामात अशी मुले आली, तर त्यांस पहिला निबंध बैलावर द्यावा, असे आम्ही ठरविले आहे. लिहिता न आले तर त्यांनी तोंडी सांगावा. लिहून आम्ही घेऊ.