साथीचा पाठ हातांनी गिरवावा

साथीचे रोग हा विज्ञान शाखेचा विषय. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात का पडावे, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. परंतु रोगजंतू शाखा विचारून येत नाहीत. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा संसर्ग, लस, प्रतिपिंडे हे शब्द घरोघरी पोहोचले. त्यांचा अर्थ मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचला. बरा होऊन घरी परतलेल्या माणसालाही शेजारी टाळत होते, हे आपण पाहिलेच आहे. पाठ केलेली व्याख्या अशा वेळी उपयोगी पडत नाही. म्हणून साथ कशी पसरते आणि कशी थांबते, हे आपल्याही वर्गात प्रत्यक्ष करून शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला प्रयोगशाळा लागत नाही. सोळा विद्यार्थ्यांच्या हाती अर्धा अर्धा पेला पाणी द्यावे. एका पेल्यात पाण्याऐवजी चुन्याची निवळी असावी. तो कोणाच्या हाती गेला, हे फक्त शिक्षकांना ठाऊक असावे. निवळी पाण्यासारखीच दिसते. प्रत्येकाने एकेका सोबत्याशी पाणी एकत्र करून पुन्हा निम्मे निम्मे वाटून घ्यावे. असे तीन वेळा, दर वेळी नव्या सोबत्याशी करावे व नावे क्रमाने लिहून ठेवावीत. शेवटी प्रत्येक पेल्यात हळदीचे पाणी टाकावे. जेथे चुना पोहोचला असेल तेथे ते लाल होते. हळदीचे कुंकू करण्यात हाच गुण कामी येतो. निवळी पिऊ नये आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ! तीन भेटींत निम्मा वर्ग लाल होऊ शकतो.

खरा धडा यापुढे आहे. लिहिलेल्या नावांवरून मूळ पेला कोणाचा, हे वर्गाने शोधावे. कितीही काटेकोर शोध घेतला तरी पहिल्या भेटीतले दोघे उरतातच. त्यांतला पहिला कोण, हे नोंदींवरून सांगता येत नाही. शिवाय ज्याच्या हाती निवळी होती त्यालाही ती ठाऊक नव्हती. मग दोष कोणाला द्यावयाचा? साथीच्या काळात एखाद्या घराकडे, वस्तीकडे किंवा जातीकडे बोट दाखविणे किती पोकळ आहे, हे दहा व्याख्यानांनी पटणार नाही ते येथे पटते.

दुसऱ्या फेरीत काही पेल्यांवर झाकण ठेवावे. ही लस घेतलेली माणसे. ती देतही नाहीत, घेतही नाहीत. झाकणे वाढवीत गेले की लाल पेले कमी होतात आणि झाकण नसलेलेही कित्येक वाचतात. सामूहिक प्रतिकारशक्ती ती हीच. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून गोवर रोखण्यास सुमारे ९५ टक्के लोकांचे लसीकरण का लागते, हे मग कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

हा पोरखेळ आहे, असा आक्षेप कोणी घेतील. खेळात प्रत्येक भेटीत लागण होते, खऱ्या आयुष्यात तसे होत नाही, हे खरे. लसही झाकणाइतकी पक्की नसते. पण खेळ कोठे खोटा पडतो याची चर्चा करणे, हेही शिक्षणच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रीड आणि फ्रॉस्ट या प्राध्यापकांनी १९२० नंतरच्या दशकात रंगीत गोट्या वापरून साथीचे गणित शिकविले होते. त्यांना कोणी पोरखेळ म्हटले नाही.

आपल्या विषयांशी तर याचे जवळचे नाते आहे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीने झालेले मृत्यू नकाशावर मांडून एका पाण्याच्या पंपाकडे लक्ष वेधले. तो नकाशा भूगोलाच्या तासाला पुन्हा काढता येईल. १८९७ च्या पुण्यातील प्लेग आपण इतिहासात वाचतो: घरांच्या झडत्या, लोकांचा संताप, रँडचा वध, रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंना आलेले मरण. परंतु झडत्या घेणारे माणसे शोधीत होते आणि रोग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे. पिसवांचा हा वाटा सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिला. ही कडी जोडल्याशिवाय तो इतिहास पुरता कळत नाही.

प्राध्यापकांना विनंती एवढीच की, वर्षातून दोन तास यासाठी द्यावेत. आणि मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो, तसे हे पेलेही गावाच्या चावडीवर मांडू या. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण ती आली तर शेजाऱ्याचे दार वाजवून विचारपूस करणारी चार शहाणी माणसे या महाविद्यालयातून बाहेर पडलेली असावीत.